माळ खाणीला द्यायचा का? दिला तर करारात काय लिहून घ्यावं?

कऱ्हाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवा आहे. पुरंदर तालुक्यात आमचा चार एकरांचा माळ आहे. सामाईक सातबारा, चुलत-आत्ये धरून सात नावं. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आजोबांनी एकदा बाजरी करून पाहिली होती, बियाणंसुद्धा निघालं नाही म्हणतात. सध्या कुसळीचं गवत आणि बांधाला चार हिवर.

आता एक क्रशरवाले मागे लागलेत. दहा वर्षांसाठी खाणीला द्या, वर्षाला ठरावीक रक्कम आणि वर ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) काहीतरी. रिंगरोड होणार, विमानतळाची चर्चा आहे, खडीला मरण नाही असं त्यांचं म्हणणं. काम संपल्यावर काय, असं विचारलं तर म्हणाले, "सपाट करून देऊ, नाहीतर तळं होईलच की. मासे सोडा." चुलतभाऊ एका पायावर तयार आहे. आत्या म्हणते, माझी सही विसरा.

दहा वर्षांनी नक्की काय हातात येतं? आणि ते बऱ्या अवस्थेत यावं म्हणून आजच काय लिहून घ्यायला हवं? पुण्याच्या आसपास नीट मिटवलेली खाण कोणी पाहिली असेल तर सांगा, जाऊन बघेन.

तिरपागडा | ९.५२

नीट मिटवलेली खाण? पाताळेश्वर. आठव्या शतकापासून एकही तक्रार नाही.

निमूट | ९.५५

:)))) धागा संपला. चला झोपायला.

जुना_मोजणीदार | १०.२०

कऱ्हाकाठ, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. माळ तुमचा, दगड तुमचा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा. स्वतःच्या रानातला दगड फोडून विकायचा तरी स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं. २०२१ मध्ये दर ब्रासला ६०० रुपये झाला होता, वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानची वर्गणी वेगळी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खाणपट्टा कोणाच्या नावावर निघणार ते विचारलंत का? "परवाना मालकाच्या नावे काढू, कागदपत्रं आम्ही बघतो" असं गोड बोलून सही घेतात. पुढे मोजणीत परवान्यापेक्षा जास्त उत्खनन निघालं की कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि नोटीस येते ती परवाना ज्याच्या नावावर त्याला. नाही भरला तर सातबाऱ्यावर बोजा. माझ्या नोकरीत साखळी ओढत मोजायचो तेव्हा थोडं इकडं-तिकडं चालून जायचं. आता ईटीएस मशीन आणि ड्रोन आहेत, खड्ड्याचं घनफळ दुपारपर्यंत तयार असतं. ते महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरच्या वाहतूक पासांशी ताडून पाहतात.

भाऊ_खडीवाले | १०.४१

झालं सुरू. खाणवाले म्हणजे चोर, या चालीवर आता शंभर प्रतिसाद पडणार.

मी या धंद्यात आहे. लपवत नाही. पुण्याला रोज किती खडी लागते याचा अंदाज आहे का कोणाला? तुम्ही ज्या सोसायटीत बसून हे टायपताय तिच्या स्लॅबमध्ये वाघोली-मोशीची खडीच आहे ना? नदीतली वाळू बंद झाल्यापासून प्लास्टरसुद्धा क्रश सँडचं. डिझेल, पोकलेनचं भाडं, ब्लास्टिंगचं लायसन, प्रदूषण मंडळाची संमती, सगळं भरून ब्रासमागे हातात काय राहतं ते एकदा येऊन बघा.

दादा, जमीन द्यायची तर द्या. फक्त समोरच्याकडे स्वतःचं क्रशर आहे की नुसताच दगड काढून विकणार आहे ते बघा. स्वतःचं क्रशर असलेला माणूस टिकतो. दुसरा चांगला दगड लागला की पळतो आणि खड्डा अर्धवट सोडतो.

कऱ्हाकाठ | १०.५०

मोजणीदारसाहेब, परवाना आमच्याच नावे काढायचं चाललं होतं! चुलतभावाला हा प्रतिसाद आत्ताच पाठवला. भाऊ, तुमचा मुद्दाही घेतला. त्यांचं क्रशर आहे, शेजारच्याच गावात.

थरावर_थर | मंगळवार, सकाळी ७.१०

हिमाचलात एका सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या आणि शेलच्या खाणींवर बरीच वर्षं काढली. आता सिंहगड रोडला निवृत्त. थोडं लांबण लावतो.

खाण मिटवायची कशी हे दहाव्या वर्षी विचारलं तर उत्तर द्यायला काही उरलेलं नसतं. तोवर वरची माती विकलेली असते, भिंती सरळसोट कापलेल्या असतात आणि पोकलेन दुसऱ्या खाणीवर गेलेलं असतं. शेवटचा आकार आधी कागदावर काढायचा आणि मग त्या आकाराकडे खोदत जायचं. खाण आराखडा म्हणतात तो हाच. आपल्याकडे तो मंजुरीपुरता काढतात आणि फायलीत ठेवतात.

तुमच्याच माळाचं गणित करून दाखवतो. चार एकर म्हणजे साधारण १२७ मीटर बाजूचा चौरस धरा. हद्दीलगत ७.५ मीटरचा पट्टा न खोदता सोडायचा असा खाण नियमांत दंडक आहे. म्हणजे खोदायला ११२ मीटर बाजू राहिली. मुरूम काढल्यावर दगडात १८ मीटर उतरायचं, सहा-सहा मीटर उंचीच्या तीन पायऱ्या, आणि खाली उतरताना प्रत्येक वेळी सहा मीटर रुंद पायरी सोडायची. पहिला टप्पा ११२ बाय ११२, दुसरा १०० बाय १००, तिसरा ८८ बाय ८८. एकूण दगड १ लाख ८१ हजार घनमीटर. २.८३ घनमीटरचा ब्रास, म्हणजे ६४ हजार ब्रास. हा जागेवरचा ठोस दगड, फुटल्यावर फुगतो तो वेगळा.

आता तोच माळ हद्दीपासून हद्दीपर्यंत उभ्या भिंतींनी तेवढाच खोल कापा. १ लाख २ हजार ब्रास.

३८ हजार ब्रासचा फरक आहे. पायऱ्या का पाडत नाहीत, हद्दीचा पट्टा का खातात, याचं उत्तर या आकड्यात आहे. हा दगड जागेवर राहिला तरच तुम्हाला खाली उतरता येईल, झाडं लावता येतील, शेजाऱ्याचा बांध ढासळणार नाही. एकदा कापलेली पायरी परत जोडता येत नाही.

भाऊ_खडीवाले | ७.४८

काका, गणित बरोबर आहे, पण जमिनीवर या. १२७ मीटरच्या तुकड्यात डंपर उतरायला रस्ताही लागतो. त्याची जागा धरा, पायऱ्या धरा, मग खाली पोकलेन फिरायलासुद्धा जागा राहत नाही. लहान तुकड्यात पायऱ्या परवडत नाहीत, हे कोणीच बोलत नाही.

थरावर_थर | ८.०५

मान्य आहे. रस्ता धरला तर ६४ हजारांहूनही कमीच निघेल. म्हणून तर चार एकराची खाण मुळात चुकीच्या आकाराची आहे असं माझं मत. शेजारचे तीन-चार मालक एकत्र येऊन एकच खाण केली तर मधले पट्टे वाचतात, एकच रस्ता पुरतो आणि एक भाग चालू असताना दुसरा मिटवत जाता येतो. शेलच्या खाणीत आम्ही तसंच करायचो. या वर्षी जिथं काढलं तिथं पुढच्या वर्षीचा वरचा टाकाऊ माल ओतायचा. दोनदा उचलावा लागत नाही.

चिंचपेटी | ८.३०

शेल शेल काय चाललंय? पुण्यात शेल आहे का? मला फक्त पेट्रोल पंप माहीत आहे.

गारगोटी | ९.१५

@चिंचपेटी, पुण्यात नाही. शेल म्हणजे चिखलाचे थर एकावर एक दाबून झालेला खडक, बोटांनी पापुद्रे निघतात. महाराष्ट्रात तो बघायचा तर चंद्रपूरकडं जा, कोळशाच्या थरांसोबत भरपूर दिसतो. इकडं आपल्या पायाखाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्यातही दोन प्रकार. एक घट्ट काळा, ज्याची खडी चांगली होते. दुसरा पोकळ्यापोकळ्यांचा, त्या पोकळ्यांत पांढरे-हिरवे स्फटिक भरलेले. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल थर असतो. कात्रज घाटात, वरंध्याला जाताना कापलेल्या कड्यात दिसतो बघा.

खाणीच्या आराखड्यात याचा संबंध येतो. बोअर न मारता खाण सुरू केली आणि आठ मीटरवर पोकळ्यांचा थर लागला, तर खडी विकली जात नाही. मग ठेकेदार आडवा पसरतो, पट्टा खातो. पहिल्या कागदाला गाभा (आतल्या दगडाचा अखंड नमुना) काढलेल्या दोन-तीन बोअरांचा अहवाल जोडायला सांगा.

जाता जाता: वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज सापडतं. जगभरच्या संग्रहालयांत पुण्याचं नाव त्यामुळे आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघता येईल. (आयडी तिथूनच घेतलाय.)

तिरपागडा | ९.२२

म्हणजे कऱ्हाकाठ करोडपती होण्याची शक्यता आहे. आत्याला सांगा, सही करताना निळा दगड माझा म्हणून अट घाल.

जुना_मोजणीदार | ९.३०

निळा दगडही सरकारचाच.

तिरपागडा | ९.३१

अरे काय राव.

थरावर_थर | १०.००

गारगोटींनी विषय काढला म्हणून शेल आणि काळ्या पाषाणातला फरक सांगतो, कारण नेटवर खाण पुनर्भरणाचे जे आराखडे मिळतात ते बहुधा थरांच्या खडकांचे असतात आणि लोक ते जसेच्या तसे इथं उतरवतात.

शेलच्या खाणीत पहिला प्रश्न थर कुठल्या बाजूला झुकलेत हा. झुकाव खड्ड्याकडे असेल तर ती भिंत थरावरून घसरून खाली येते, पावसाळ्यात हमखास. त्यामुळे कुठून सुरू करून कोणत्या दिशेला पुढं सरकायचं हे झुकावावर ठरतं. दुसरा प्रश्न पाण्याचा. उघडा शेल ओला-सुका होत राहिला की चुरा होऊन चिखल होतो. तो गढूळपणा लवकर बसत नाही. गाळ बसवायच्या टाक्या पहिल्या ब्लास्टच्या आधी हव्यात, नाहीतर खालच्या ओढ्याचं वाटोळं. काळ्या शेलमध्ये पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, तो माल वेगळा ओळखून मातीखाली, पाणी लागणार नाही असा गाडावा लागतो.

पण मिटवायला शेल सोपा. उतार सौम्य करून वर माती पसरली की थोड्या पावसाळ्यांत गवत धरतं, कारण तो स्वतःच माती होत जातो. बेसाल्टचा उभा कातळ तुमच्या नातवंडांनाही तसाच दिसेल. म्हणून इथं सगळा भर पायऱ्यांवर आणि वरच्या मातीवर. हिमाचलातला नकाशा पुरंदरात चालायचा नाही.

आणि हो, शेललाही आता गौण खनिजच म्हणतात. फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेत ३१ खनिजं त्या यादीत गेली, त्यात तोही आहे. त्याचे नियम राज्यं ठरवतात. मोठ्या खनिजांच्या खाणींना मिटवण्यासाठी आर्थिक हमी भरावी लागते, तेवढा धाक इकडं राहत नाही.

मळेकरीण | दुपारी १.४०

मी खाणीशेजारी राहते. सासर पुरंदरातलंच. गावाचं नाव सांगत नाही.

आमचा अंजिराचा बाग आहे. क्रशर आल्यापासून उन्हाळ्यात पानांवर पांढरी भुकटी बसते. पान खरखरीत, कीड वाढते, फळाला डाग. व्यापारी बघताच भाव पाडतो. पाणी मारायचं मशीन आहे त्यांच्याकडं, अधिकारी यायच्या दिवशी चालू असतं. सुरुंगाची वेळ दुपारची ठरलेली, पण कधी संध्याकाळी सहालाही उडवतात. भिंतीला भेगा गेल्या, तर म्हणतात घर जुनं आहे. घर जुनं आहेच की, पण भेगा नव्या आहेत.

तक्रार केली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथून म्हणाले, खाण सुरू व्हायच्या आधीचे फोटो आहेत का घराचे. कुठून असणार?

तुम्ही जमीन द्याल आणि पुण्यात राहाल. शेजारी आम्ही असतो. तेवढं ध्यानात ठेवा भाऊ.

कऱ्हाकाठ | २.१०

ताई, आमच्या माळाच्या खालच्या अंगालाही सीताफळाच्या बागा आहेत. तुमचं लिहिलेलं आत्याला वाचून दाखवतो.

थरावर_थर | २.३५

मळेकरीणताईंच्या फोटोच्या मुद्द्यावर: आधीची नोंद हीच खाणीच्या आराखड्यातली पहिली पायरी असायला हवी. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो, विहिरींची पाणीपातळी, दोन्ही बाजूंच्या सह्या. दुसऱ्याच्या घरापाशी कंपनाच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाने ठरवून दिल्यात, मंद कंपनांसाठी सेकंदाला ५ मिलिमीटर. मोजायचं यंत्र भाड्यानं मिळतं. एका वेळी किती दारू उडवायची आणि भोकांमध्ये किती मिलिसेकंदांचं अंतर ठेवायचं यावर कंपन खूप कमी करता येतं.

चिंचपेटी | ३.००

आणि त्या धुळीने सिलिकोसिस होतो ना? माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी खाणीतल्या माणसांच्या फुप्फुसांबद्दल सांगितलं होतं.

गारगोटी | ३.२५

सिलिकोसिस मुक्त क्वार्ट्झच्या बारीक धुळीने होतो. वालुकाश्म, ग्रॅनाइट, काही शेल यांत क्वार्ट्झ भरपूर. बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असली तरी ती दुसऱ्या खनिजांत बांधलेली, मोकळा क्वार्ट्झ नगण्य. त्यामुळे राजस्थानच्या वालुकाश्म खाणींतली परिस्थिती पुण्याला लावू नये.

पाटी_पेन्सिल | ४.१०

गारगोटी, शास्त्र बरोबर असेल, पण "पुण्यात काळजी नाही" असा अर्थ लोक काढतील. कुठलीही बारीक धूळ रोज आठ-दहा तास ओढली तर दमा-खोकला होतोच. क्रशरपासून ३ ते १० मीटरवर हवेतले कण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत असा केंद्राचा निकष आहे, तो उगाच नाही ठेवलेला.

वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ संस्थेच्या पाषाण शाळा आहेत, १९९७ पासून दगड फोडणाऱ्यांच्या मुलांसाठी. मी काही काळ तिथं जात होते. एक गोष्ट नेहमी खटकायची: कामगारांच्या झोपड्या कुठं बांधायच्या हे कोणत्याच नकाशावर नसतं. मग त्या खाणीच्या कडेलाच उभ्या राहतात, ब्लास्टच्या टप्प्यात. पाण्याची सोय म्हणजे जुनी खाण. पावसाळ्यात पोरं बुडाल्याची बातमी येते तेव्हा ती बहुतेक याच पोरांची असते. कराराच्या नकाशात वस्ती, पाणी, संडास यांची जागा दाखवायला लावा.

भाऊ_खडीवाले | ४.३०

ताईंचं पटलं. हे आम्हा लोकांकडून होत नाही, खरं आहे.

विहीरबघ्या | संध्याकाळी ६.१५

मूळ लेखातल्या "तळं होईलच की" या वाक्यावर यायचं राहून गेलं सगळ्यांचं.

तिकडं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरा. चार एकरांवर पडणारं सगळं पाणी खड्ड्यात आणलं तरी ८ हजार घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर. थरावर_थरांच्या आकृतीत तळच ८८ बाय ८८ चा आहे, तिथं एक मीटर उंचीचं पाणी झालं. आणि आपल्याकडे उघड्या पाण्याची वर्षाची वाफ दीड मीटरच्या पुढं जाते. आपल्या पावसावर ते तळं मार्चपर्यंतही टिकणार नाही.

मग ज्या खाणींत बारमाही पाणी दिसतं ते कुठलं? भूजल. आपल्या भागात पाणी असतं ते मुरमात, सांध्यांत आणि दोन प्रवाहांच्या मधल्या लाल थरापाशी. खाणीत सगळ्यात आधी काय काढून टाकतो? मुरूम. मग शेजारच्या विहिरीचं पाणी कापलेल्या कडेतून खड्ड्यात झिरपतं आणि उन्हात उडून जातं. वर खाण चालू असताना पंप लावून उपसतात ते वेगळंच.

वरून ओढा वळवून आणला तर तळं होऊ शकतं, पण ते पाणी आज ज्याच्या बंधाऱ्यात जातं त्याला विचारावं लागेल. शिवाजीनगरला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय आहे, निरीक्षण विहिरींच्या नोंदी त्यांच्याकडं असतात. आधी तिथं जा.

निमूट | ६.४०

पण वेताळ टेकडीवरच्या खाणीत तर पाणी असतं. आम्ही रोज फिरायला जातो, पक्षी येतात, किती छान वाटतं. ती कोणी मिटवलीही नव्हती.

विहीरबघ्या | ६.५५

तिला किती वर्षं मिळाली ते बघा. शिवाय भोवती टेकडी राखीव, विहिरी नाहीत, अंजीर नाही.

टेकडीवेडा | ७.३०

वेताळ टेकडी निघालीच आहे तर ग्लिरिसिडियाबद्दल बोलतो. खाण मिटवणे म्हणजे झाडं लावणे, आणि झाडं लावणे म्हणजे ग्लिरिसिडिया, अशी एक रीत पडली आहे. पुण्याच्या टेकड्यांवर वन खात्यानं तेच केलं. लवकर वाढतो, फोटोत हिरवं दिसतं. खाली गवत येत नाही आणि पक्षी फारसे फिरकत नाहीत.

निमूट | ७.३४

पण नसता तर टेकड्या उघड्या बोडक्या राहिल्या असत्या ना? काहीतरी आहे हे काय कमी.

टेकडीवेडा | ७.५०

उघड्या बोडक्या नव्हत्या हो, गवताळ होत्या! हाच तर घोळ आहे. कऱ्हाकाठ म्हणतात "सध्या कुसळीचं गवत आणि बांधाला चार हिवर". सासवडच्या माळांवर लांडगे आहेत, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच आहे. माळ म्हणजे पडीक हे सातबाऱ्याचं मत झालं. आत्याबाई सही करत नाहीत त्यामागे काय आहे ते एकदा नीट विचारा.

खाण झालीच तर पायऱ्यांवर तिथलंच लावा: हिवर, बोर, पळस, धावडा, आणि मातीत पवन्या-मारवेलचं बी. त्यासाठी ती वीतभर माती सुरुवातीला अलग काढून हद्दीलगत बुटक्या ढिगात ठेवायची. उंच ढीग केला तर आतलं बी आणि जीवजंतू मरतात. ढिगावरही गवत पेरायचं.

भाऊ_खडीवाले | ८.०५

चार एकरांची वीतभर माती म्हणजे तेराशेच्या आसपास ब्रास होते. बंगल्यांच्या बागांना जाते. ती ठेवा म्हणून कोणी अट घातलेली मी तरी पाहिली नाही. घातली तर मानावी लागेल, एवढं सांगतो.

कलमबहाद्दर | ९.००

उशिरा आलो. चार एकर म्हणजे १.६ हेक्टर. "पाच हेक्टरच्या आत आहे, पर्यावरण मंजुरी लागत नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात ती पळवाट बंद केली. लहान खाणींच्या मंजुऱ्या २०१६ पासून जिल्हा पातळीवर दिल्या जात होत्या, २०१८ मध्ये हरित न्यायाधिकरणाने त्यावर बोट ठेवलं.

उपयोगाची गोष्ट अशी की मंजुरीपत्रं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर असतात. तुमच्याकडे आलेल्या माणसाची चालू खाण शोधा. अटी वाचा: झाडांचा पट्टा किती, पायऱ्या कशा, दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल. मग तो कागद हातात घेऊन त्या खाणीवर जा. करारातल्या कुठल्याही कलमापेक्षा त्या फेरीतून जास्त कळेल.

थरावर_थर | ९.४५

उत्तम सूचना. आता कऱ्हाकाठ यांच्या मूळ प्रश्नावर माझं म्हणणं देतो.

परवाना त्याच्या नावावर आणि दंडाची जबाबदारीही त्याची, हे मोजणीदारसाहेबांनी सांगितलंच. मी त्यात शेवटच्या आकाराचा नकाशा कराराचा भाग करेन, प्रत्येक पान सहीचं. हद्दीला खांब रोवायचे, दगडी, रंग दिलेले. दरवर्षी पावसाळ्यानंतर तुमच्या खर्चाने मोजणी, तुमचा माणूस. वरच्या पायरीचं काम संपलं की तिथं लगेच माती आणि लागवड, तोवर तिसऱ्या पायरीला हात नाही. मिटवायचं काम दहाव्या वर्षाऐवजी चौथ्या वर्षी सुरू होतं ते असं. बाहेरचा राडारोडा किंवा कचरा खड्ड्यात टाकायचा नाही, ही अट ठळक. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगीकरांना विचारा कचऱ्याचं पाणी विहिरीत उतरलं की काय होतं. शेवटी कुंपण.

आणि पैसे. हमीशिवाय वरचं सगळं वाचायला छान आहे. बँक हमी घ्या.

भाऊ_खडीवाले | १०.१०

बँक हमी कोणी देणार नाही काका. बँक तेवढ्याच रकमेचं तारण मागते, माझं खेळतं भांडवल तिथंच अडकून पडतं. ही अट घातली तर समोरचा दुसऱ्या माळावर जाईल, तिथं कोणी नकाशासुद्धा मागणार नाही.

मळेकरीण | १०.२०

जाऊ दे की मग.

कऱ्हाकाठ | रविवार, सकाळी ११.३०

आठवडाभराने लिहितोय. कलमबहाद्दरांच्या सांगण्यावरून मंजुरीपत्र काढलं आणि चुलतभावाला घेऊन त्यांच्या चालू खाणीवर गेलो. झाडांचा पट्टा कागदावर आहे. जागेवर त्या पट्ट्यात ग्रिटचा ढीग आणि डंपर. पायऱ्या एका बाजूला आहेत, रस्त्यावरून दिसणाऱ्या. चुलतभाऊ येताना गाडीत फारसं बोलला नाही.

तरी बैठक झाली. परवाना त्यांच्या नावे घ्यायला तयार झाले. हद्दीचा पट्टा, खांब, मातीचे ढीग, राडारोडा बंदी, हेही लिहून देतो म्हणाले. आधीच्या फोटोंना आणि विहिरींच्या नोंदीला हरकत नाही. पायऱ्यांवर घासाघीस चालू आहे, त्यांना दोनच हव्यात, नऊ-नऊ मीटरच्या. बँक हमीला भाऊ म्हणाले तसंच, साफ नकार.

आत्याला टेकडीवेडांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, लांडग्यांचं मला माहीत नाही, पण खालच्या सीताफळवाल्यांच्या घरी मी लग्नाकार्याला जाते, त्यांना तोंड दाखवायचं आहे. विहिरींचे आकडे बघितल्याशिवाय सही नाही. सोमवारी शिवाजीनगरला जाऊन येतो.

थरावर_थर | १२.०५

नऊ मीटरला हो म्हणू नका. नऊ मीटरच्या भिंतीवरून सुटलेला दगड सहा मीटरच्या पायरीवर थांबेल याची खात्री नसते, आणि त्या पायरीवर झाडाला पाणी घालायला तुमचा माणूस जाणार आहे. रुंदीही नऊ करत असतील तर बोला.

भाऊ_खडीवाले | १२.४०

हमीचं एक सुचवतो, आमच्याकडं एका जागेला असं केलंय. बँक हमी नको. ब्रासमागे जे तुम्हाला द्यायचं त्याच्या वर ठरावीक रक्कम तो प्रत्येक महिन्याला वेगळ्या खात्यात टाकेल, वाहतूक पासांच्या आकड्यावरून. पायरी मिटवली की त्या हिश्शाचे पैसे त्याला परत. नाही मिटवली तर तुम्ही त्यातून करून घ्या. आज खिशातून काही जात नाही म्हणून माणूस तयार होतो, आणि चार वर्षांनी खात्यात एवढे साठतात की सोडून पळवत नाही.

कऱ्हाकाठ | १२.५५

हे पटण्यासारखं आहे. खात्यावर सह्या कोणाच्या ठेवायच्या? सात जणांच्या ठेवल्या तर दहा वर्षांत एकही चेक निघणार नाही.

जुना_मोजणीदार | १.१०

तीन सह्या. त्याची, तुमच्यातल्या एकाची आणि आत्याबाईंची. तुमच्यातला एक म्हणजे चुलतभाऊ ठेवा, तुम्ही नको. नाहीतर घरात दहा वर्षं ऐकून घ्याल.